काओदाई धर्मात समाजसेवेची वेगळी शिडी का आहे?

व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह शहरातून सकाळी निघालेल्या सहलीच्या बसगाड्या दुपारी बाराच्या आत तायनिन्हला पोचतात. शंभरेक किलोमीटरचा रस्ता आहे. तिथल्या काओदाई महामंदिरात बाराची प्रार्थना असते. पांढऱ्या झग्यातले भक्त, पिवळ्या, निळ्या आणि लाल वस्त्रांतले धर्माधिकारी, ड्रॅगनांनी वेढलेले खांब आणि समोर गोलावर रंगवलेला एक भलामोठा डोळा. पर्यटक सज्जातून फोटो काढतात आणि थोड्याच वेळात बस कु चीच्या भुयारांकडे वळते. प्रवासवर्णनांत या धर्माबद्दल हमखास दोन गोष्टी येतात. एक, तो बुद्ध, लाओत्से, कन्फ्यूशियस आणि येशू या सगळ्यांना मानतो. दोन, फ्रेंच लेखक व्हिक्टर ह्यूगो त्यांच्याकडे संत आहे. मंदिराच्या मागच्या टोकाला, अष्टकोनी मनोऱ्यावर ब्रह्मा, शिव आणि कृष्ण यांच्या मूर्ती आहेत, हे मात्र भारतीय पर्यटकांनाही क्वचितच कुणी दाखवतं.

या सगळ्यात खरी बघण्यासारखी गोष्ट राहून जाते, असं माझं मत आहे. हा धर्म जवळपास शंभर वर्षं टिकला. वसाहतवादी फ्रेंच, जपानी, सायगावमधली (आजचं हो ची मिन्ह शहर) दक्षिण व्हिएतनामी सरकारं, मग कम्युनिस्ट राजवट असे किती राज्यकर्ते त्याने पाहिले! टिकण्यात डोळ्याच्या चिन्हाचा किंवा ह्यूगोचा वाटा थोडा. मोठा वाटा आहे तो शाळा, दवाखाने, अनाथाश्रम, फुकट जेवणाच्या पंगती आणि अंत्यविधीची सोय यांचा. आणि ही कामं जोडधंद्यासारखी चालत नाहीत. धर्माच्या रचनेतच त्यांना जागा दिलेली आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. न्गो वान चिएऊ हा फ्रेंच प्रशासनातला व्हिएतनामी अधिकारी काओदाईचा पहिला शिष्य मानला जातो. फु क्वोक बेटावर नोकरीला असताना त्याला तो दिव्य डोळा दिसला अशी श्रद्धा आहे. 1925 मध्ये सायगावात आणखी काही सरकारी कारकून टेबलाभोवती बसून परलोकातल्या आत्म्यांशी बोलण्याचे प्रयोग करत होते. त्यांच्यातला फाम कोंग ताक (1890–1959) पुढे या धर्माचा सर्वांत प्रभावी नेता झाला. वसाहतीच्या कौन्सिलचा माजी सदस्य ले वान त्रुंग त्यांना येऊन मिळाला. ऑक्टोबर 1926 मध्ये या मंडळींनी फ्रेंच गव्हर्नरला पत्र देऊन नवा धर्म जाहीर केला आणि नोव्हेंबरात तायनिन्हजवळच्या एका बौद्ध मंदिरात उद्घाटनाचा सोहळा झाला.

म्हणजे संस्थापक कोण, तर कचेरीत काम करणारी माणसं. फाइली, खाती, बढत्या, नियमावल्या यांच्यातच त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी उभारलेल्या धर्मावर त्या कचेरीची छाप पडली आणि माझ्या मते ती त्यांच्या पथ्यावरच पडली.

काओदाईची शासनव्यवस्था तीन भागांत आहे. पहिला भाग अदृश्य, म्हणजे देव आणि संतात्म्यांचा. दुसरा, हिएप थिएन दाई, धर्माचा कायदा आणि परलोकाशी संवाद सांभाळणारा. फाम कोंग ताक याचा प्रमुख होता. तिसरा भाग कुऊ त्रुंग दाई, म्हणजे कारभार बघणारी शाखा. तिच्या टोकाला पोप. या कारभारी शाखेत नऊ खाती आहेत: अर्थ, अन्नपुरवठा, बांधकाम, शिक्षण, आरोग्य, शेती, शांतता, अंतर्गत कारभार आणि विधी. प्रत्येक तीन खाती एका रंगाच्या धर्माधिकाऱ्यांकडे. पिवळा रंग बौद्ध परंपरेचा, निळा ताओची वाट दाखवणारा, लाल कन्फ्यूशियसचा. शिक्षण, आरोग्य आणि शेती ही तिन्ही खाती निळ्यांकडे आहेत.

नऊपैकी पूजाविधीला खातं एकच, हे लक्षात घ्यायला हवं. बाकीची आठ खाती एखाद्या छोट्या राज्याच्या मंत्रिमंडळात शोभतील अशी. हेच त्यांचं बळ आणि हाच पुढे त्यांच्यावरचा आरोप.

गावपातळीवरही तोच साचा आहे. प्रत्येक वस्तीत तीन पदांची एक समिती असते. तिच्यातल्या एकाला ‘धाकटा कार्डिनल’, दुसऱ्याला ‘धाकटा पोप’ आणि तिसऱ्याला ‘धाकटा धर्मरक्षक’ म्हणतात. ऐकायला गंमत वाटते, पण कामाची विभागणी खरी आहे. धाकटा कार्डिनल कारभार बघतो, धाकटा पोप लोकांची विचारपूस आणि शिकवण बघतो, आणि तिसरा या दोघांकडून नियम मोडले जात नाहीत ना यावर नजर ठेवतो. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाच्या घरी तांदूळ संपलेत, कुणाचं मूल शाळेत जात नाही, हे आधी कळतं ते या तिघांना.

आता सेवेच्या शिडीकडे येऊ. काओदाईत पुरोहितांच्या जागा मोजून ठेवल्या आहेत. पुरुषांत पोप एक, त्याखाली तीन धर्मपरीक्षक, तीन कार्डिनल, 36 आर्चबिशप, 72 बिशप आणि 3000 पाद्री. (ही पदनामं कॅथलिक चर्चची वाटतात, कारण बाहेरच्यांना समजावं म्हणून तीच वापरली जातात.) स्त्रियांनाही पुरोहितपद मिळतं, आणि 1926 मध्ये ही गोष्ट लहान नव्हती. त्या कार्डिनलपर्यंत जाऊ शकतात, त्यापुढे नाही. व्हिन्ह लाँगकडची लाम हुओंग थान्ह ही श्रीमंत जमीनदारीण सुरुवातीच्या काळात या धर्मात आली, तिने मोठा पैसा दिला आणि ती स्त्री-शाखेची प्रमुख झाली.

पण भाताच्या शेतात राबणाऱ्या कुळाने या शिडीवर कधी चढायचं? त्याला ना जड अभिजात चिनी ग्रंथ येत, ना फ्रेंच. त्याच्यासाठी 1930 च्या दशकात दुसरी वाट आखली गेली. तिचं नाव फुओक थिएन, म्हणजे पुण्यकार्याचं खातं. या खात्याला स्वतःच्या बारा पायऱ्या आहेत. सगळ्यांत खालची पायरी साध्या सेवेकऱ्याची. सहावी पायरी पाद्र्याच्या बरोबरीची मानतात. सगळ्यांत वरची ‘बुद्धपुत्र’. फाम कोंग ताक शिकवायचा की देवाकडे जायच्या वाटा तीन: पुरोहितपदाची, सेवेची आणि ध्यानाची. तिन्ही सारख्याच मोलाच्या. ज्याला मंत्र येत नाहीत त्याने विटा भाजाव्यात, भाजी चिरावी, अनाथ मुलं सांभाळावीत. त्याचा हिशोब त्याच वहीत लिहिला जातो.

या हिशोबालाही शब्द आहेत. काओदाई माणूस तीन प्रकारचे कष्ट मानतो: स्वतःला घडवण्याचे, उपासनेचे आणि इतरांसाठी विनामोबदला राबण्याचे. शेवटच्याला ते ‘कोंग क्वा’ म्हणतात. मिळतं ते फक्त दोन वेळचं शाकाहारी जेवण आणि झोपायला जागा. सामान्य भक्ताने महिन्यातून सहा किंवा दहा दिवस शाकाहार पाळायचा, वरच्या पदांवर तो रोजचा होतो. त्यामुळे सेवेकऱ्यांचं स्वयंपाकघर मोठं असलं तरी खर्च तांदूळ, भाजी आणि सोयाबीनच्या टोफूपुरता राहतो.

फुओक थिएनच्या आधी याच धर्तीचा एक प्रयोग झाला होता. 1930 च्या आसपास फाम कोंग ताकने फाम मोन नावाने सेवेकऱ्यांचे गट बांधले. शेती, वीटभट्टी, सुतारकाम असे उद्योग त्यांनी काढले. राहणं एकत्र, उत्पन्न समाजाचं. फ्रेंचांना यात बंडखोरीचा वास आला. झडत्या झाल्या, खटले झाले, तायनिन्हबाहेरच्या अनेक ठिकाणांना कुलपं लागली. मग तेच काम धर्मादाय खात्याच्या नावाखाली पुन्हा मांडलं गेलं. यात चतुराई होती हे नाकारण्यात अर्थ नाही. धर्मादाय कामाला नकार देणं कोणत्याही सरकारला अवघड जातं.

वेळही तशी होती. दक्षिण व्हिएतनाममधली बरीच जमीन मोठ्या जमीनदारांकडे, कसणारे कुळं. 1930 ला जागतिक मंदीत भाताचे भाव कोसळले. सरकारी दवाखाना दूर, शाळा त्याहून दूर, सावकार मात्र दाराशी. अशा वेळी एखादा धर्म म्हणाला की आमच्याकडे या, काम करा, जेवा, मुलाला अक्षरं शिकवू आणि मेल्यावर शवपेटीची चिंता नको, तर लोक का जाणार नाहीत? लोक परलोकातल्या संदेशांच्या चमत्काराला भुलून आले असं फ्रेंच अहवालांपासून पर्यटन-पुस्तकांपर्यंत सगळे सुचवतात. ते अर्धसत्य आहे.

तायनिन्हचं महामंदिरही अशाच विनावेतन हातांनी उभं राहिलं. बांधकाम अनेकदा अडलं, पुन्हा सुरू झालं, 1947 मध्ये पुरं झालं आणि 1955 मध्ये उद्घाटन झालं. काम संपेपर्यंत लग्न करायचं नाही असं व्रत बांधकामावरच्या सेवेकऱ्यांनी घेतलं होतं. मधल्या काळात, 1941 ते 1946, फाम कोंग ताक स्वतः फ्रेंचांच्या हद्दपारीत मादागास्करकडे होता. आजच्या नजरेने बघितलं तर तरुण पोरांना लग्नापासून रोखून फुकट राबवून घेणं खटकतं, आणि खटकायलाच हवं. पण त्या पोरांकडे तेव्हा कोणते पर्याय होते, हेही त्याच दमात विचारावं लागेल.

शिक्षणाची गोष्ट याच काळात सुरू होते. 1927 च्या ‘नव्या कायद्यात’, म्हणजे या धर्माच्या आचारसंहितेत, साहित्य आणि नीती शिकवणाऱ्या शाळा काढाव्यात असं कलमच घातलेलं आहे. तायनिन्हच्या धर्मपीठात नीतिविद्यालय उभं राहिलं. नाव जरी नीतीचं असलं तरी ती मुलांना लिहा-वाचायला शिकवणारी शाळा होती; रोमन लिपीतली व्हिएतनामी शिकलेली पिढी त्यातून तयार झाली. पुढे ले वान त्रुंगच्या नावाने माध्यमिक शाळाही आली. धर्माधिकाऱ्यांसाठी ‘हान्ह दुओंग’ नावाचे प्रशिक्षणवर्ग वेगळे. त्यात नुसती पोथी शिकवत नाहीत. सभा कशी चालवायची, नोंदी कशा ठेवायच्या, भांडण कसं मिटवायचं, हेही शिकवतात.

शिक्षणाचं शिखर आलं 1971 मध्ये. त्या वर्षी तायनिन्हला काओदाई विद्यापीठ सुरू झालं. दक्षिण व्हिएतनाममध्ये धर्मसंस्थांनी विद्यापीठं काढण्याची तेव्हा लाटच होती. कॅथलिकांचं दा लात विद्यापीठ 1957 चं, बौद्धांचं व्हान हान्ह 1964 चं. काओदाईंच्या विद्यापीठात धर्मशास्त्राबरोबर अध्यापनशास्त्र आणि शेती होती. ही निवड मला फार बोलकी वाटते. शिक्षक आणि शेतीतज्ज्ञ, म्हणजे त्या नऊ खात्यांतल्या दोघांना लागणारी माणसं घरातच घडवायची. चारच वर्षांत, 1975 मध्ये, ते बंद झालं.

त्याकडे वळण्याआधी मधल्या युद्धाबद्दल बोलायला हवं, कारण धर्मादाय कामाची सर्वांत मोठी परीक्षा तेव्हाच झाली आणि सर्वांत मोठा डागही तेव्हाच लागला. दुसऱ्या महायुद्धात काओदाईंनी जपान्यांच्या मदतीने स्वतःचं सशस्त्र दल उभारलं. पुढे फ्रेंचांशी हातमिळवणी केली, व्हिएत मिन्हशी, म्हणजे कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालच्या स्वातंत्र्य आघाडीशी, रक्तरंजित वैर झालं. मध्य व्हिएतनाममध्ये काओदाई भक्तांची कत्तल झाली. दुसऱ्या बाजूने काओदाई सैनिकांचे हातही स्वच्छ नव्हते. या धुमश्चक्रीत गावोगावचे भक्त तायनिन्हच्या ‘पुण्यभूमी’कडे पळत आले. तिथे त्यांना जमीन, झोपडी, अन्न आणि काम मिळालं. अनाथाश्रम, वृद्धाश्रम, प्रसूतिगृह आणि दवाखाना भरून गेले. फाम कोंग ताकने आखलेले रस्ते आणि लाँग होआ बाजार यांच्याभोवती निर्वासितांचं एक अख्खं शहर वसलं. आजही तो बाजार गजबजलेला असतो आणि तिथे शाकाहारी पदार्थांच्या गाड्या शोधाव्या लागत नाहीत.

पण ज्या प्रदेशात कर, सैन्य, शाळा, दवाखाना आणि बाजार सगळं एकाच धर्मपीठाच्या हाती असतं, त्याला कोणतंही केंद्र सरकार फार दिवस सहन करत नाही. दक्षिण व्हिएतनामचा सत्ताधारी न्गो दिन्ह दिएमने 1955 मध्ये काओदाई सैन्य आपल्या सैन्यात विरघळवलं. 1956 मध्ये फाम कोंग ताक कंबोडियाला निघून गेला आणि 1959 मध्ये नॉम पेन्हमध्ये वारला. त्याचे अवशेष 2006 मध्ये तायनिन्हला परत आणता आले.

1975 नंतर कम्युनिस्ट सरकारने शाळा, दवाखाने आणि बरीच जमीन ताब्यात घेतली. 1979 मध्ये धर्माची कारभारी यंत्रणा मोडीत निघाली. नऊ खाती गेली, फुओक थिएनचं जाळं गेलं, उरलं एक छोटं मंडळ आणि पूजा. सरकारी मान्यता मिळायला 1997 उजाडावं लागलं, तीही नव्या घटनेसह आणि सरकारच्या देखरेखीखाली. जुन्या पद्धतीचा आग्रह धरणारे काही भक्त या मान्यताप्राप्त मंडळाला अजूनही आपलं मानत नाहीत. काओदाईत मुळातच अनेक शाखा आहेत: बेन त्रेची, दा नांगची, कान थोकडची ध्यानमार्गी शाखा आणि इतर. 2019 च्या जनगणनेत 5,56,234 लोकांनी स्वतःला काओदाई म्हणवून घेतलं. धर्माचे लोक स्वतःचा आकडा यापेक्षा कितीतरी मोठा सांगतात.

इथे एक फरक डोळ्यांत भरतो. शाळा परत मिळाल्या नाहीत. विद्यापीठ तर नाहीच. मुलांच्या मनावर कुणाचा हात असावा, या बाबतीत राज्य कुठलीही तडजोड करत नाही. पंगत, औषध आणि अंत्यविधी यांना मात्र हळूहळू मोकळीक मिळत गेली, कारण ते राज्याच्या खर्चाची बचत करतात. मग धर्मादाय खात्याचं जे काम आज दिसतं ते कसं चालतं?

सगळ्यांत आधी औषध. मेकाँगच्या खोऱ्यातल्या कितीतरी काओदाई देवळांच्या आवारात झाडपाल्याच्या औषधांचा मोफत दवाखाना असतो. व्हिएतनाममध्ये देशी औषधांचे दोन प्रकार मानतात, चीनकडून आलेली ‘उत्तरेची’ आणि स्थानिक वनस्पतींची ‘दक्षिणेची’. देवळात मिळतात ती मुख्यतः दक्षिणेची, कारण कच्चा माल परसात, बांधावर, कालव्याच्या काठी फुकट उगवतो. काही सेवेकरी मुळ्या-पाला गोळा करून आणतात, काही चिरतात, उन्हात वाळवतात, पुड्या बांधतात. नाडी बघणारा वैद्य रोज बसतो, कुठे सुया टोचणारेही असतात. रुग्ण कोणत्या धर्माचा हे विचारत नाहीत. मोठ्या आजाराला हे दवाखाने पुरे पडणार नाहीत, हे उघड आहे. पण सांधेदुखी, पोटाच्या तक्रारी, जुना खोकला यासाठी जिल्ह्याच्या गावी खेप घालायची ज्याची ऐपत नाही, त्याला जवळचा आधार मिळतो.

मग जेवण. तायनिन्हच्या धर्मपीठातल्या भोजनगृहात मोठ्या उत्सवांना येईल त्याला शाकाहारी जेवण मिळतं. सर्वांत मोठा सोहळा चांद्र आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला, देवीमातेच्या मेजवानीचा. प्रांताप्रांतांतून भक्त तांदूळ, भोपळे, फणस, मशरूम घेऊन येतात आणि त्यातलेच बरेच जण दोन-चार दिवस आधीपासून स्वयंपाकाला बसतात. त्याच रात्री मुलांना खाऊ वाटतात, कारण मुलांचा मध्यशरद उत्सवही तोच. तायनिन्हच्या शाकाहारी पाककलेला व्हिएतनामने राष्ट्रीय अमूर्त वारशात जागा दिली आहे. सरकारी दस्तऐवजात ती ‘पाककला’ झाली. मुळात ती हजारो माणसांना स्वस्तात जेवू घालण्याची युक्ती होती.

आणि मग मरण. मला विचाराल तर काओदाई समाजाची सगळ्यांत शहाणी व्यवस्था ही आहे. घरात कुणी गेलं की गावची ती तीन जणांची समिती येते. शवपेटी, प्रार्थना, वाद्यवृंद, खांदेकरी यांची सोय समाज करतो. तायनिन्हला पार्थिव ड्रॅगनच्या आकाराच्या नौकेसारख्या रथातून जातं. दुःखाचा सागर ओलांडणारी ही प्रज्ञेची नाव. गरिबाला वेगळी नाव नाही. अंत्यविधीच्या जेवणासाठी प्राणी मारायला बंदी. हा नियम अहिंसेचा आहे हे खरंच, पण त्याने डुक्कर कापून गावजेवण घालण्याचा खर्चही वाचतो आणि कर्जही टळतं. पुढे दर नऊ दिवसांनी एक असे नऊ विधी, त्यानंतर 200 दिवसांनी एक आणि आणखी 300 दिवसांनी शेवटचा. एकूण 581 दिवस समाजाचं त्या घरी येणं-जाणं राहतं. विधवा कशी आहे, मुलं काय करतात, हे आपोआप कळत राहतं.

शिक्षण पूर्णपणे थांबलं असंही नाही. ते वेशांतर करून राहिलं. प्रार्थनेच्या वेळी स्तोत्रं गाणारा मुलामुलींचा वृंद असतो. ही मुलं लहानपणापासून देवळात येऊन पदं पाठ करतात, वाचायला शिकतात, ताल धरतात. पारंपरिक वाद्यं वाजवणारा संच वेगळा शिकतो. प्रौढ सेवेकऱ्यांचे हान्ह दुओंग वर्ग पुन्हा भरू लागले आहेत. हो ची मिन्ह शहरात 1965 पासून चालत आलेली एक संस्था सगळ्या शाखांच्या लोकांसाठी धर्मशिकवणीची व्याख्यानं आणि प्रकाशनं करते. परदेशात, विशेषतः कॅलिफोर्नियात, निर्वासितांनी मंदिरं बांधली. गार्डन ग्रोव्हचं मंदिर तर तायनिन्हचीच छोटी प्रतिकृती आहे.

2018 मध्ये अमलात आलेल्या व्हिएतनामच्या धर्मविषयक कायद्यात धर्मसंस्थांना शिक्षण, आरोग्य, समाजकल्याण यांत ‘संबंधित कायद्यांनुसार’ भाग घेता येईल असं कलम आहे. सगळी मेख त्या ‘संबंधित कायद्यांत’ आहे. देवळातल्या वैद्याला प्रमाणपत्र लागतं, दवाखान्याला नोंदणी लागते, आणि शाळेचा प्रश्न आला की अटींची यादी एवढी लांबते की बहुतेक मंडळं पुन्हा तांदळाच्या पोत्यांकडे, घरबांधणीकडे आणि शवपेट्यांकडे वळतात.